एक संख्या, दोन रूपं

मंडळी, नाव आणि वस्तू यांचं नातं काय, हा प्रश्न आम्ही वर्गात आयुष्यभर शिकवला. तोच प्रश्न पायथन या संगणकभाषेच्या इतिहासातही भेटतो, तो आज आपण पाहू.

पायथन १९९१ साली जगासमोर आली. मूल्याचं मजकुरात रूपांतर करायला तिच्यात दोन वाटा आहेत. ‘स्ट्र’ माणसाला वाचायला सोपं रूप देते, ‘रेप्र’ नेमकं रूप देते. ५ हा आकडा आणि ‘५’ हे अक्षर ‘स्ट्र’मध्ये सारखंच दिसतं, ‘रेप्र’ मात्र अक्षराला अवतरणचिन्हं लावते. इथवर ठीक.

अडचण आली ती अपूर्णांकांत. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहून संपत नाही ना, तसंच द्विमान पद्धतीत ०.१ संपत नाही. म्हणून संगणक अगदी जवळची संख्या साठवतो. पायथनच्या २.६ आवृत्तीपर्यंत ‘स्ट्र’ १२ अंकांवर थांबायची, ‘रेप्र’ १७ अंकांपर्यंत जायची. त्यात यादी छापताना आतल्या घटकांना ‘रेप्र’च लागते. परिणाम काय? एकटं छापलं तर ०.१, यादीत घालून छापलं तर ०.१०००००००००००००००१! मूल्य एकच, रूपं दोन.

यातलं खरं कुठलं? दिसायला ‘स्ट्र’ सज्जन. पण तिने लिहिलेला मजकूर फाइलमध्ये ठेवून परत वाचला, तर कित्येकदा मूळ संख्या हाती येत नसे. १२ अंकांपुढचं सगळं गुपचूप हरवलेलं असे.

२००९ साली ३.१ आवृत्तीत कसोटीच बदलली. परत वाचल्यावर तंतोतंत तेच मूल्य मिळेल, असा सर्वांत आखूड मजकूर ‘रेप्र’ने द्यायचा. त्यासाठीची पद्धत डेव्हिड गे यांनी बेल प्रयोगशाळेत असताना १९९० सालीच मांडली होती. २०११ साली ३.२ आवृत्तीत अपूर्णांकांसाठी ‘स्ट्र’ही त्याच वाटेने गेली.

आता ०.१ दोन्हीकडे ०.१च दिसतं. पण ०.१ आणि ०.२ यांची बेरीज, जी ‘स्ट्र’ पूर्वी ०.३ दाखवायची, ती आता ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. नवखी मुलं दचकतात. दचकू देत. चूक आज झालेली नाही, ती आधीही होतीच. फक्त झाकलेली होती.

माणसासाठी आकडा पूर्णांकित करू नये, असं आमचं म्हणणं नाही. खुशाल करावा, पण आपण होऊन, किती अंक हवेत ते सांगून करावा. नावाचं पहिलं काम वस्तूपर्यंत परत पोचवणं, देखणेपण त्यानंतर.