सही कोणाची?

सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुठलाही कागद हातात आला की तो आधी तळ बघतो. मजकूर नंतर, आधी सही कोणाची आहे ते! आज मनोरुग्णालयांबद्दल लिहायला बसलोय ते याच खोडीपायी. तेव्हा वाचकहो, कारकुनी नजरेने लिहिलेला इतिहास म्हणून वाचा आणि सांभाळून घ्या.

माझी धाकटी मावशी बडोद्याला दिलेली. दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर, गायकवाडांच्या चाकरीसाठी तीन पिढ्यांमागे तिथे गेलेलं. मावशीचे धाकटे दीर म्हणजे नानाकाका. १९८४ साली ते मनोरुग्णालयात दाखल झाले. ते बडोद्यातलं नव्हे, बसने जावं लागे तिथे. १९९१ च्या मे महिन्यात मी बडोद्याला गेलो होतो, तेव्हा एका रविवारी मावशी मला घेऊन गेली. पिशवीत डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि पुडीत हिरवा चिवडा. मला वाटलेलं, कुणीतरी ओरडणारा माणूस दिसणार. समोर आले ते पांढऱ्या लेंग्यातले, तेल लावून भांग पाडलेले, अगदी हळू बोलणारे काका. खिचडी खाऊन त्यांनी हात धुतले आणि मला विचारलं, "काय रे, सही करायला शिकलास?" मी बारा वर्षांचा. म्हटलं, अजून नाही. तर म्हणाले, "शिकून घे. सहीशिवाय माणसाला काही करता येत नाही."

तेव्हा हसू आलं होतं. असो.

पुढे कॉलेजात इतिहास घेतला आणि बडोद्याचाच एक जुना प्रसंग वाचनात आला. १८०० साली गोविंदराव गायकवाड वारले आणि त्यांचे थोरले चिरंजीव आनंदराव गादीवर आले. इंग्रजांच्या कागदांत आनंदरावांचं वर्णन दुर्बळ मनाचा राजा असंच येतं. राजाला राज्य झेपत नाही असं म्हणत आधी सावत्रभाऊ कान्होजीने कारभार ताब्यात घेतला. मग दिवाण रावजी आप्पाजींनी कान्होजीला बाजूला केलं आणि मुंबईकर इंग्रजांची मदत मागितली. १८०२ मध्ये मेजर वॉकर बडोद्यात आले, तह झाले, तैनाती फौज आली. पुढे धाकटे बंधू फत्तेसिंगराव राजाच्या वतीने कारभार बघू लागले. आनंदराव १८१९ पर्यंत जिवंत होते, गादीवरही होते. एकोणीस वर्षं राज्य त्यांच्या नावाने चाललं, पण चालवलं दुसऱ्यांनी. त्यांना नेमकं काय झालं होतं हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, कारण त्यांच्याबद्दल जे लिहिलंय ते सगळं, ज्यांना त्यांच्या वतीने सही करायची होती त्यांनीच लिहिलेलं आहे.

मला वाटतं, मनोरुग्णांचा आपल्याकडचा सगळा इतिहास या एका वाक्यात येतो. राजा असो की रंक.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला आणि १९१२ साली त्याच्या जागी 'इंडियन ल्युनसी ॲक्ट' आला. रत्नागिरी, ठाणे, येरवडा, नागपूर ही आपल्या ओळखीची नावं त्या काळातली. "याला ठाण्याला पाठवा", "हा येरवड्याचा" असली वाक्यं मराठीत रुळली ती तेव्हापासून. बडोदा मात्र संस्थान. तिथे इंग्रजांचा कायदा आपोआप लागू होत नसे. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा बाकीच्या कायद्यांबरोबर हाही आला. आपला गोवा तर १९६१ पर्यंत पोर्तुगीज कायद्याखाली होता. म्हणजे या बाबतीत बडोदेकर आणि गोंयकार दोघेही पंक्तीला उशिराच बसले!

संस्थानात एक गोष्ट मात्र ब्रिटिश मुलखासारखीच होत असे, ती म्हणजे शिरगणती. १८८१ ते १९३१ पर्यंतच्या खानेसुमारीत आंधळे, मूकबधिर, कुष्ठरोगी यांच्याबरोबर 'वेडे' असा एक रकाना असे. तो भरायचा घरच्या माणसांनी सांगितलेल्या माहितीवर. आता लग्नाच्या मुली असलेला कोणता बाप दारात आलेल्या गणकाला सांगेल की माझ्या घरात एक वेडा आहे? हे आकडे भरवशाचे नाहीत असं खानेसुमारीचे अधिकारी स्वतःच लिहीत. लपवालपवी इतकी जुनी आहे.

१९१२ च्या कायद्यात इस्पितळात दाखल करायची मुख्य वाट ही अशी : नवरा, बायको किंवा जवळचा नातेवाईक मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणार. सोबत दोन डॉक्टरांचे दाखले. अर्जदाराने रुग्णाला मागच्या चौदा दिवसांत डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. मग मॅजिस्ट्रेटचा हुकूम. एकूण सह्या मोजा : नातेवाइकाची एक, डॉक्टरांच्या दोन, मॅजिस्ट्रेटची एक. ज्याला आत जायचंय त्याची? एकही नाही. स्वतःहून दाखल होणाऱ्यांची सोय कायद्यात होती, पण बहुतेकांच्या वाट्याला आली ती हुकुमाचीच वाट. १९२० च्या सुमारास 'असायलम'च्या पाट्या उतरवून 'मेंटल हॉस्पिटल'च्या पाट्या लागल्या, तरी आतला कागद तोच राहिला. नानाकाका आत गेले तेही १९१२ च्याच कायद्याखाली. अर्जावर सही मावशीच्या सासऱ्यांची होती.

याच काळात वेगळं करून दाखवणारी माणसंही होती. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून सोबत राहायला बोलावलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या केंद्रातही घरचं माणूस सोबत राहण्याची पद्धत पडली. आत आलेल्या माणसाला घर विसरू नये आणि घराने माणसाला विसरू नये, इतकी साधी ती युक्ती. पण बहुतेक ठिकाणी घरचे फाटकापर्यंत येत आणि तिथूनच परत फिरत.

नवा 'मेंटल हेल्थ ॲक्ट' १९८७ साली झाला आणि १९९३ च्या एप्रिलपासून अमलात आला. त्याच १९९३ साली शीला बर्से यांनी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांनी कुठलाही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. म्हणजे तोवर ठेवत होते! आणि २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका छपराला आग लागून साखळ्यांनी बांधलेले अठ्ठावीस रुग्ण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारी त्यांची घरचीच माणसं होती, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या पणजीतला आबे फारिया आठवा. जुन्या सचिवालयाशेजारचा, रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५ चा पुतळा. पुढे झुकलेला फारिया आणि त्याच्या हातांखाली ती स्त्री. पुतळा पाहून वाटतं की सगळी शक्ती त्या हातांत आहे. पण कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन सांगत होता ते नेमकं उलटं : झोप आणणाऱ्याच्या हातात काही नाही, जे आहे ते झोपणाऱ्याच्या मनात आहे. आल्तिनोवरच्या आपल्या मनोरुग्णालयाला त्याचंच नाव होतं. १९८० साली त्यातून मानसोपचार संस्था उभी राहिली आणि पुढे ती बांबोळीला गेली. फारिया वारला १८१९ साली. बडोद्याचे आनंदरावही त्याच वर्षी वारले. एकाच्या वतीने सगळे बोलले आणि दुसरा सांगत होता की बोलायची ताकद त्या माणसातच आहे. योगायोगच, पण मला तो सोडवत नाही.

नानाकाकांचं पुढे काय झालं? २००३ साली मावशीचे यजमान वारले. दिवसकार्य आटोपल्यावर तिने कपाट आवरायला काढलं, तर खालच्या खणात इस्पितळाचं पत्र. तारीख १९९४ ची. रुग्णाची प्रकृती सुधारली आहे, घरी नेण्याची व्यवस्था करावी. पत्र हरवलं नव्हतं, पत्ता चुकला नव्हता. घडी घालून नीट ठेवलेलं होतं.

इस्पितळाचं नाव मी लिहीत नाही. त्यांचा दोषच नव्हता, त्यांनी कळवलं होतं. दोष आमचा. मावशीला दोन मुली, तेव्हा दोघीही लग्नाच्या. काका वाईट माणूस नव्हता हो. याच भावासाठी त्याने कित्येक रात्री दाराशी बसून काढल्या होत्या. पण त्या दोन लग्नांपायी त्याने एक सही केली नाही आणि धाकटा भाऊ नऊ वर्षं जास्त आत राहिला. दर महिन्याला डबा घेऊन जाणाऱ्या मावशीलासुद्धा त्याने सांगितलं नाही. आपण घरचे किती प्रेमळ आणि किती भित्रे असतो ते त्या एका पत्रात होतं.

मावशी दुसऱ्या दिवशी गेली. नात्याच्या रकान्यात 'भावजय' लिहून तिने सही केली. नानाकाका म्हणाले, मीही करतो. तिथल्या कारकुनाने क्षणभर पाहिलं आणि रकाना नसतानाही कोपऱ्यात जागा दाखवली. मावशी सांगते, अक्षर अगदी पहिल्यासारखं आलं. पुढची सात वर्षं ते घरी होते. गोळ्या वेळेवर घेत, सज्जात बसून पेपर वाचत. मधून बिघडायचं, मग सावरायचं. सोपं नव्हतं, पण घरी होते.

७ एप्रिल २०१७ ला मंजुरी मिळालेला नवा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये अमलात आला. तो मी कारकुनी सवयीने कलमवार वाचला. बरा असताना माणूस लिहून ठेवू शकतो की पुढे आजार वाढला तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका. आपल्या वतीने बोलणारा कोण हे तो स्वतः नेमू शकतो. साखळीने बांधायला बंदी. आणि कलम १९ सांगतं की केवळ घरचे नाहीत किंवा घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला इस्पितळात ठेवता येणार नाही. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो होतो.

कायद्याने सगळं होत नाही हे मला कुणी सांगायला नको. मध्यरात्री घरातलं माणूस औषध फेकून देतं तेव्हा कलमं कामाला येत नाहीत, आणि घरच्यांचंही कुणी ऐकलं पाहिजे. पण दोघांचंही ऐकता येतं. २०१४ साली गुजरातमध्येच, पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मदतीने, सहा सरकारी मानसोपचार सेवांत जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाचा प्रयोग सुरू झाला. आणखी तीन ठिकाणं तुलनेसाठी. रुग्णांचे हक्क, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, रुग्णांनी रुग्णांना आणि घरच्यांनी घरच्यांना आधार देणं, असं त्याचं स्वरूप. २०१९ साली निष्कर्ष छापून आले. रुग्णांना आपल्या हातात काही आहे असं जास्त वाटू लागलं होतं आणि सांभाळणाऱ्या घरच्यांचा भारही काहीसा हलका झाला होता. दोन्ही एकदम!

तुमच्याही कपाटात, खालच्या खणात, एखादं पत्र घडी घालून ठेवलेलं असेल तर काढा बाहेर. मुलींची लग्नं होतात. मावशीच्या दोघींचीही झाली, आणि धाकटीच्या लग्नात अक्षता टाकायला नानाकाका होते.