पाणंद कुणाची?
सख्यांनो, पाणंद म्हटलं की आपल्याला चिखल आठवतो. तिच्यामागं 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, हे मलाही उशिराच कळलं. कायदा मुंबई इलाख्याचा. आपलं कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, 1949 साली ते मुंबई राज्यात विलीन झालं. आज तोच कायदा आपल्याकडंही चालतो. शेताकडं जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर तहसीलदार ती मोकळी करायला लावू शकतात. पण दावा अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा, आणि नेमकं तेच आपण चुकवतो. आमच्याकडं उसाची सरी दरवर्षी हातभर पुढं सरकली. डोक्यावर वैरणीचा भारा, पायाखाली निसरडा बांध. भांडण नको म्हणून आम्ही गप्प. गावनकाशा मागून बघा. एकेरी तुटक रेघ म्हणजे पाऊलवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट. आमची दुहेरी निघाली. आता तिथून दोघी जोडीनं जाऊ शकत नाहीत.