पडदावाचकाची निवड आणि मराठी मजकूर

नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाली आणि पुढच्याच जानेवारीत अमेरिकेत ‘जॉज’ या पडदावाचकाची विंडोजसाठीची आवृत्ती निघाली. घटना समकालीन खऱ्या. परंतु मुदखेडसारख्या गावाहून नांदेडास शिकावयास जाणाऱ्या अंध विद्यार्थ्यासाठी त्यांमधील अंतर फार मोठे होते.

पडदावाचक म्हणजे संगणकावरील मजकूर उच्चारून दाखविणारी आज्ञावली. ‘जॉज’चे कर्ते टेड हेंटर हे मोटारसायकल शर्यतींतील स्पर्धक, १९७८ मधील अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांची आज्ञावली सरस, पण महाग होती. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ लिहावयास घेतली व ती विनामूल्य उपलब्ध करून दिली. निवडीचा प्रश्न येथे सुटला, असे सामान्यतः समजले जाते. इंग्रजी वाचणाऱ्यापुरते ते खरे आहे.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याची अडचण निराळी होती. छपाईसाठी रूढ झालेल्या जुन्या टंकांत देवनागरी अक्षर केवळ डोळ्यांना दिसे. संगणकाच्या स्मृतीत त्याच्या जागी रोमन अक्षराचा किंवा एखाद्या चिन्हाचा संकेतांक असे. पडदावाचकास आकार दिसत नाही, संकेतांकच कळतो. त्यामुळे डोळस विद्यार्थी ज्या पानावर ‘इतिहास’ वाची, त्याच पानावर अंध विद्यार्थ्यास निरर्थक रोमन अक्षरे ऐकावी लागत. महाग आज्ञावली घेऊनही यात फरक पडत नसे. विशेष हे, की यावरील उपाय विद्यापीठाहूनही जुना आहे. १९९१ च्या पहिल्याच युनिकोड आवृत्तीत देवनागरीस स्वतंत्र संकेतांक मिळाले होते. सवय मात्र जुन्या टंकांचीच राहिली.

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी आवाजाचा प्रश्न उरतोच. ‘एनव्हीडीए’सोबत येणाऱ्या ‘ईस्पीक’मध्ये मराठीची सोय आहे, तिचा स्वर यांत्रिक, पण जलद वाचनास सोयीचा. हिंदी आवाज कानाला अधिक गोड लागतो खरा. तथापि ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च-काराचा भेद त्याला ठाऊक नसतो. देवनागरी लेखनात तो भेद दाखविला जात नाही, हा दोष त्या आवाजाचा एकट्याचा नव्हे. परीक्षेच्या तयारीसाठी शेकडो पाने ऐकणारा विद्यार्थी असा उच्चार सरावाने सोसतो. संकेतांक चुकलेले पान मात्र कितीही सरावाने समजत नाही. आणि ते पान कोणत्या टंकात सिद्ध करावे, हे ठरविणे विद्यार्थ्याच्या नव्हे, तर टिपणे व प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांच्या हाती असते.