आडव्या छेदाची साक्ष

घडवलेल्या लाकडाला पान, फूल, साल काहीच उरत नाही. रंगावर विसंबावे, तर तो ऊन आणि पॉलिशने पालटतो. मग मूळ झाड ओळखावे कसे?

१९४६ साली मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात हडप्पा येथे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाकडी शवपेटीचे अवशेष सापडले. लाकूड जवळजवळ कुजून गेले होते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील के. ए. चौधरी आणि एस. एस. घोष यांनी त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली.

कठीण लाकडाच्या आडव्या छेदात जलवाहिन्यांची छिद्रे दिसतात. देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांत ती नसतात. छिद्रांची मांडणी आणि मज्जाकिरणांची रुंदी नावानिशी जपलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिली, की ओळख पटते. म्हणूनच १९०६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा काष्ठसंग्रह मोलाचा ठरला. पेटी शिसवी आणि झाकण देवदाराचे, हा निष्कर्ष १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. देवदार वाढतो हिमालयात. तेव्हा ते झाकण पंजाबच्या मैदानात दूरवरून आलेल्या लाकडाचे होते. लेखी पुराव्याविना प्राचीन वाहतुकीचा एक धागा असा हाती लागला.

आज शिसव आणि रक्तचंदन यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे निर्बंध आहेत. जप्त ओंडक्यालाही पाने नसतात. त्याची जात ठरवताना आजही तोच आडवा छेद भिंगाखाली धरला जातो.