हळद ‘पसरली’
१२. हा प्रयोग हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या शिवारातला; तिथल्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिजवलेली हळद ५ ते ७ सेंटिमीटर जाडीच्या थरात उन्हात घालतात आणि रात्री गोळा करून झाकतात. वाळायला साधारण १० ते १५ दिवस लागतात. थर फार पातळ झाला तर रंग बिघडू शकतो. म्हणून इथे ‘पसरणे’ म्हणजे जाणूनबुजून, सारखा थर देणे. सांडलेले धान्य ‘विखुरते’, रानात सोडलेली गुरे ‘पांगतात’, बुंध्यातून निघालेल्या फांद्या ‘फाकतात’, कळी ‘उमलते’. यांतला कोणताही शब्द हळदीच्या या कामाला लागू पडत नाही. त्यामुळे या आवृत्तीत लेखकाचाच शब्द कायम ठेवला आहे. – संपादक