मधमाशीच्या डंखाचं औषध

मधमाश्यांचे डंख घेतले की मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, बरा होतो, असा मेसेज कुठल्या ना कुठल्या फॅमिली ग्रुपवर येतोच. सिंगापूरमध्ये आपल्याला हा आजार फारसा परिचयाचा नाही. विषुववृत्तापासून लांब जावं तसा तो जास्त आढळतो, आणि आपण तर विषुववृत्ताला खेटूनच राहतो. पण भाचा स्वीडनला, चुलतबहीण कॅनडात, अशी आपली घरं पसरलेली. म्हणून आज या उपचाराचा इतिहास बघू.

सुरुवात एमएसपासून नाही, संधिवातापासून झाली. मारिबोर हे शहर आज स्लोव्हेनियात आहे, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. तिथले डॉक्टर फिलिप तेर्च यांनी १८८८ मध्ये व्हिएन्नाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मधमाशीचा डंख आणि संधिवात यांच्या संबंधावर लेख लिहिला. पुढे हंगेरीहून न्यूयॉर्कला आलेले डॉक्टर बोडोग बेक यांचं या विषयावरचं पुस्तक १९३५ मध्ये निघालं. बेक यांच्याकडून ही विद्या व्हरमाँटच्या चार्ल्स म्राझ यांनी घेतली. म्राझ डॉक्टर नव्हते, मधपाळ होते. त्यांच्याकडे आधी संधिवाताची माणसं यायची, नंतर एमएसचीही येऊ लागली.

ती का आली असतील? पॅरिसच्या शार्को यांनी एमएसचं नीट वर्णन केलं १८६८ मध्ये. आजाराची वाटचाल बदलू शकेल असं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मंजूर झालं १९९३ मध्ये. मधे सव्वाशे वर्षं! झटका लवकर ओसरावा म्हणून नंतर स्टेरॉइड आली, पण पुढचा झटका थांबवायला डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं. मधपाळाकडे निदान करण्यासारखं काहीतरी होतं. मला त्या लोकांना भोळसट म्हणवत नाही.

आणि त्यांना खरंच बरं वाटायचं. एमएसच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात झटका येतो, हातपाय बधिर होतात, दिसायला अंधुक होतं, आणि काही आठवड्यांनी ते पुष्कळसं आपोआप ओसरतं. आमच्या आयटीत हा प्रकार नेहमीचा: सर्व्हर बंद पडतो, चार जण चार बटणं दाबतात, तो आपला आपण सुरू होतो, आणि शेवटचं बटण दाबणाऱ्याचं नाव होतं. माशी इथे शेवटचं बटण.

याची नीट परीक्षा नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २६ रुग्ण होते. प्रत्येकाला २४ आठवडे आठवड्यातून तीनदा जिवंत माश्यांचे डंख, एका वेळी वीसपर्यंत, आणि २४ आठवडे डंखाविना. मेंदूच्या एमआरआयमध्ये फरक नाही, अपंगत्वात नाही, थकव्यातही नाही. अभ्यास लहान होता हे खरं, पण इतके डंख सोसून थकवासुद्धा कमी होऊ नये?

आपल्याकडे या मेसेजला बळ मिळतं ते मधामुळे. खोकल्याला मध, चाटणाला मध, वैद्यांच्या पुडीबरोबर मध. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' झालं. मधमाशीबद्दल आपल्या मनात मायाच आहे. पण मधावरचा विश्वास नकळत विषावर सरकतो. विषाचा सिद्ध झालेला औषधी उपयोग वेगळाच आहे: ज्यांना डंखाची ॲलर्जी असते त्यांना शुद्ध केलेल्या विषाची अगदी थोडी मात्रा वाढवत नेत देतात, तीही दवाखान्यात, डॉक्टरांसमोर.

आज एमएसवर डझनाहून जास्त औषधं आहेत. ती आजार पुसून टाकत नाहीत, झटके कमी करतात, आणि जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. एकदा झालेली इजा बहुधा भरून येत नाही. माश्यांच्या भरवशावर औषध वर्षभर लांबवलं, तर ते वर्ष परत मिळत नाही.

शिवाय धोका आहेच. स्पेनमधली ५५ वर्षांची एक बाई स्नायूंच्या आखडण्यावर आणि ताणावर जिवंत माश्यांचे डंख घ्यायची. दोन वर्षं तिला काही त्रास झाला नव्हता. एके दिवशी त्याच डंखाने तीव्र ॲलर्जी झाली आणि ती वाचली नाही. २०१८ मध्ये माद्रिदच्या डॉक्टरांनी ही हकिगत छापली. कुणालाही डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, श्वास लागला, तर सिंगापूरमध्ये लगेच ९९५ फिरवा.