कापसाच्या बंडीवरचा मुक्काम

मोटारीच्या छतावर तंबू बांधून मुक्काम करणे नवे वाटते. पण वाहन हेच बिऱ्हाड करण्याची रीत विदर्भातल्या राळेगाव भागात जुनी आहे. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढे हिंगणघाटही रेल्वेने जोडले गेले. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, त्या बाजारांकडे वळल्या. 1970च्या दशकात सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली तेव्हा खरेदी केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागत. शेतकरी मालावरच अंग टाकी, कारण राखणही करायची असे.

ती गरज होती, हौस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण कळंबच्या चिंतामणी गणपतीला बैलगाडीने निघालेले कुटुंब हौसेनेच निघे, आणि निवारा गाडीवरच बांधी. गरजेने शिकवलेले हौसेच्या कामी आले. त्यातला खरा धडा वजनाचा. भार मागे गेला की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते, म्हणून गाडीवान आसापाशी तोल साधी. छतावरचा तंबू निवडतानाही आधी हेच पाहावे: अनेक तंबू 50 ते 70 किलोंचे, आणि बऱ्याच मोटारींच्या छताची चालत्या गाडीतली भारमर्यादा 75 किलोंच्या आसपास. कापड, खिडक्या, गादी हे त्यानंतरचे.